जुन्या पुस्तकांचे दुकान चालवायचे म्हणजे आधी खरेदी शिकायची

सांगलीच्या एका तरुण वाचकाने विचारले आहे: "मी बँकेत नोकरी करतो. नोकरी सोडून गावात जुन्या पुस्तकांचे छोटे दुकान काढावे, असे मनात आहे. दिवसभर पुस्तकांत बसायला मिळते, हे कितपत खरे? रोजचे काम नेमके काय असते, माल कुठून येतो, किंमत कशी ठरवतात आणि यावर घर चालते का?" पुण्यात नारायण पेठेत मी गेली २३ वर्षे असे दुकान चालवते आहे, म्हणून जे हाताखालून गेले आहे तेवढेच सांगते.

दुकान काढू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर विक्रीचे चित्र असते. काचेचे दार, भिंतभर पुस्तके, चाळणारे गिऱ्हाईक आणि कोपऱ्यात वाचत बसलेला दुकानदार, असे ते चित्र असते. विक्री आपोआप होत नाही हे खरे, तरी ती शिकता येते आणि त्यातली चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते. हा धंदा खरेदीवर उभा राहतो किंवा खरेदीतच बुडतो. कोणते पुस्तक घ्यायचे, कितीला घ्यायचे आणि कोणते हात जोडून परत करायचे, हा निर्णय आपल्याला दिवसातून पन्नास-शंभर वेळा घ्यावा लागेल, आणि बहुतेक वेळा आपण नाही म्हटलेले पुस्तक पुढे थेट कागद गिरणीत लगदा व्हायला जाते. ही जबाबदारी मला अजूनही जड वाटते. आपल्याला ती पेलवेल का, हे नोकरी सोडण्यापूर्वी पाहावे.

माझे दुकान दहाला उघडते, मात्र काम साडेसातला सुरू होते, कारण आसपासचे रद्दीवाले त्या वेळेस आदल्या दिवशीचा माल वेगळा करत असतात. वर्तमानपत्रे एका बाजूला, वह्या आणि कोरे कागद दुसऱ्या बाजूला, पुठ्ठा तिसऱ्या बाजूला आणि पुस्तके शेवटी. त्यांच्याकडे जागा नसते, त्यामुळे पुस्तक तिथे दोन-चार दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही आणि मग ट्रकने घाऊक गोदामाकडे जाते. हल्ली रद्दीवाले दादा गठ्ठ्याचा फोटो मोबाइलवर पाठवतात. त्या फोटोत दिसतात त्या फक्त कडा, आणि कडांवरून ओळखण्याची सवय व्हायला मला चार-पाच वर्षे लागली. मी त्यांना रद्दीच्या दराच्या तिप्पट-चौपट दर देते आणि ठरलेला दिवस कधी चुकवत नाही. पैशांपेक्षा ठरलेला दिवस त्यांना महत्त्वाचा वाटतो. दोनदा चुकलात की तिसऱ्या वेळी फोटो येत नाही.

रद्दीच्या दुकानाखेरीज मालाचे आणखी दोन झरे आहेत. एक म्हणजे बंद पडणारी खासगी वाचनालये. तिथली पुस्तके खाकी किंवा प्लास्टिकच्या वेष्टनात असतात, आतल्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, आणि त्या चिठ्ठीवरून ते पुस्तक किती हातांत गेले ते लगेच कळते. कथा-कादंबऱ्या आणि दिवाळी अंक तिथून मिळतात. चालू वाचनालयेही दिवाळी अंकांचा मोसम ओसरला की जानेवारी-फेब्रुवारीत अंक काढून टाकतात, आणि ते निम्म्या किमतीत हातोहात जातात. दुसरा आणि सर्वांत महत्त्वाचा झरा म्हणजे घरे. मोठे पुस्तकसंग्रह बहुतेक करून तीन कारणांनी बाहेर येतात: वाडा किंवा सोसायटी पुनर्विकासाला जाते, मुले परदेशी असतात, किंवा ज्यांची पुस्तके असतात ती व्यक्ती जाते. तिसऱ्या कारणाने बोलावणे आले की मी तेराव्याच्या आत कधीच जात नाही, घरच्यांनी आग्रह केला तरीही.

अशा एका भेटीविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण खरे शिक्षण तिथेच होते. एरंडवण्यात मराठी शिकवणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांचे घर होते. काकूंनी फोनवर सांगितले होते, "अंदाजे पाचशे पुस्तके आहेत, सगळी न्या." गेल्यावर मी प्रथम बसते, पाणी घेते आणि पुस्तकांना हात लावण्याआधी विचारते, की यातले काय ठेवायचे आहे? काकू म्हणाल्या, काही नाही. तरीही मी कपाट रिकामे करताना प्रत्येक पुस्तक उघडून, उलटे धरून हलकेच झटकले. अंतर्देशीय पत्रे निघाली, बँकेची पावती निघाली, एका नातवाचा अंगठ्याएवढा फोटो निघाला. पुस्तकांतून निघालेला प्रत्येक कागद त्याच जागी घरच्यांच्या हातात द्यायचा, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे, मग ती नोट असो वा वाण्याचे बिल. फोटो पाहिल्यावर काकूंनी बारा पुस्तके बाजूला काढली, आणि ती काढायला त्यांना पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी गप्प बसले होते. दुकानदाराच्या कामात असे बसणेही येते.

त्याच कपाटात महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड होते. दाते आणि कर्वे यांनी संपादित केलेला हा कोश १९३२ पासून खंडाखंडाने निघाला आणि पुढे त्याचे पुनर्मुद्रणही झाले. प्राध्यापकांनी दोन खंडांच्या समासांत बारीक शिसपेन्सिलीने कोशात नसलेले शब्द लिहिले होते. शब्द, पुढे अर्थ आणि शेवटी कंसात तळकोकणातल्या गावाचे आद्याक्षर, अशी नोंद. रद्दीच्या हिशोबात ते "लिहिलेले पुस्तक", म्हणजे निम्म्या किमतीचे. मी काकूंना सांगितले की बाकीचे खंड मी घेते, पण हे दोन माझ्याकडे देऊ नका आणि कोणालाही विकू नका, एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाला किंवा बोलींचा अभ्यास करणाऱ्याला हाताने नेऊन द्या. दोन खंड निघाल्याने माझा संच फुटला आणि फुटलेल्या संचाला गिऱ्हाईक मिळायला दीड वर्ष लागले. तरी ती खरेदी मी माझ्या चांगल्या खरेदींत धरते. वस्तू कुठे असायला हवी हे ओळखता आले, तर लोक आपल्याला पुन्हा बोलावतात. त्या एका घरातून पुढे मला चार घरांची बोलावणी आली.

पैशांबाबत घरच्यांशी स्पष्ट बोलावे. वजनावर भाव सांगू नये, कारण माणसाच्या आयुष्यभराच्या पुस्तकांना काट्यावर ठेवलेले त्या घराला सहन होत नाही. मी पुस्तकांचे तीन ढीग करते: नक्की विकले जाईल, कधीतरी विकले जाईल आणि माझ्या उपयोगाचे नाही. पहिल्या ढिगाला मी ज्या किमतीला विकेन तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास देते, दुसऱ्याला त्याहून बरेच कमी, आणि तिसरा ढीग कोणाला द्यावा ते सांगते. हा हिशोब त्यांच्यासमोर मांडते. तिसरा हिस्सा ऐकून काहींना वाईट वाटते, परंतु भाडे, वीज, मदतनिसाचा पगार आणि तीन-तीन वर्षे फळीवर पडून राहणारा माल यांचा विचार करता त्याहून अधिक देऊन दुकान टिकत नाही. एखादे पुस्तक खरोखर दुर्मीळ असेल, तर तसे सांगून वेगळा भाव ठरवावा. माहीत असून गप्प राहणे ही चोरीच आहे, असे मी मानते.

दुकानात आणलेला माल लगेच फळीवर जात नाही. मागच्या खोलीत तो पंधरा दिवस वेगळा राहतो, कारण एका गठ्ठ्यातली कसर आठवडाभरात शेजारच्या गठ्ठ्यात पोचते. नंतर तपासणी. पुस्तक प्रथम बंद असतानाच पाहावे: पाठ सरळ आहे का, कडा एका पातळीत आहेत का, कुबट वास येतो का. मग शीर्षकपृष्ठ आणि त्याचे मागचे पान. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतील फरक तिथेच कळतो. बऱ्याच जुन्या मराठी पुस्तकांवर केवळ शके दिलेले असते, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते मार्चपर्यंतच्या काळात मात्र ७९. त्यानंतर पाने. खिळेजुळणीच्या, म्हणजे एकेक अक्षराचा खिळा जुळवून छापण्याच्या, काळातली पुस्तके बहुतेक सोळा पानांच्या फॉर्मांनी, म्हणजे घडी घातलेल्या जुड्यांनी, शिवलेली असत आणि प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा छापलेला असे. ते आकडे क्रमाने लागतात का हे पाहिले, की चारशे पानांचे पुस्तक दोन मिनिटांत तपासून होते. मी हे धडा घेऊन शिकले. सुरुवातीच्या काळात नागपूरच्या एका अभ्यासकाला मी एक चरित्र पाठवले, आणि त्यात ११२ नंतर थेट १२९ वे पान होते. बांधणीतच एक फॉर्म राहून गेला होता. मी पुस्तकाचे पैसे आणि दोन्ही वेळचा टपालखर्च परत केला, आणि तेव्हापासून न तपासलेले पुस्तक दुकानाबाहेर गेलेले नाही.

तपासताना पुस्तक स्वतःची हकीकतही सांगते. नारायण पेठ, शनिवार पेठ या भागांतल्या जुन्या घरांतून आलेल्या काही पुस्तकांवर खालच्या कडेपासून दोन बोटे वर एक तपकिरी रेघ असते आणि मध्यभागी, शिवणीच्या घळीत, अगदी बारीक गाळ साचलेला असतो. पान उघडले की तो टेबलावर सांडतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हाचा तो गाळ, हे घरातली थोरली माणसे सांगतात. अशी पुस्तके मी मऊ ब्रशने साफ करते, ती रेघ मात्र जात नाही. किंमत कमी होते, आणि गिऱ्हाइकाला कारण सांगूनच मी ती विकते.

दुरुस्तीबाबत एकच गोष्ट कळकळीने सांगते: चिकटपट्टी लावू नका. पाच-सात वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग पान वाचवता येत नाही. आपल्याकडचे बाइंडर मोरचूद घालून शिजवलेली खळ वापरतात, आणि ती चांगली आहे. मोरचुदामुळे कीड लागत नाही. फाटलेल्या पानाला खळ आणि पातळ कागदाची पट्टी पुरते. सुटलेली पाने पुन्हा शिवणारा एखादा जुना बाइंडर सांगलीत नक्की असेल. दुकानाची जागा शोधण्याआधी त्याला शोधा. पुस्तक कापडी बांधणीत दिले, तरी मूळ मुखपृष्ठ फेकू द्यायचे नाही, आत लावून घ्यायचे. चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठासाठी पुस्तक मागणारी माणसे माझ्याकडे येतात, आणि वाचनालयांनी बांधणी करताना ती मुखपृष्ठे किती काढून टाकली, हे पाहिले की जीव हळहळतो.

आता किमतीविषयी. जुने म्हणजे मौल्यवान, हा समज विकणाऱ्यांत असतो आणि नव्या दुकानदारातही असतो. शंभर वर्षांची पोथी बाळबोध टाइपात हजारोंनी छापलेली असेल, तर तिला फारशी किंमत येत नाही. छापलेली मूळ किंमतही निरुपयोगी ठरते, कारण चार रुपये छापलेले पुस्तक चाळीसला महाग आणि चारशेला स्वस्त असू शकते. मी पहिला प्रश्न एवढाच विचारते: हे पुस्तक आज नवे मिळते का? मिळत असेल, तर नव्याच्या निम्म्याहून अधिक किंमत लावता येत नाही. मिळत नसेल, तर ते हवे असणारी माणसे किती आहेत हे पाहायचे. पुनर्मुद्रण निघाले, की जुन्या प्रतीचा भाव एका रात्रीत उतरतो. जालावर आले तरीही उतरतो. मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश मोबाइलवर वाचता येऊ लागल्यापासून त्यांचे छापील संच घरोघरी नकोसे झाले आहेत, आणि ते घेण्याविषयी मला महिन्यातून एक-दोन फोन येतातच. मी ते घेऊ शकत नाही, आणि हे सांगताना मला दर वेळी अवघड होते.

याच्या उलट काही गोष्टींना अनपेक्षित मागणी आहे. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांनी छापलेली मराठी बालपुस्तके एके काळी अगदी स्वस्तात मिळत, १९९१ नंतर ती येणे थांबले, आणि ती वाचून वाढलेली पिढी आता आपल्या मुलांसाठी ती शोधते. बालभारतीची जुनी पाठ्यपुस्तके, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकांतली, अभ्यासासाठी कोणीच घेत नाही, तरी ती आली की दोन दिवस टिकत नाहीत. १९८२ मध्ये बंद पडलेल्या 'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकाचे सलग वर्षाचे अंक मिळाले, तर संशोधक स्वतः येऊन नेतात. सुटे अंक मात्र पडून राहतात. पाककृती, शेती, घरगुती औषधे, जुने नकाशे आणि गावांचे इतिहास यांना कायम गिऱ्हाईक असते. एखाद्या गावाच्या शाळेची शताब्दी स्मरणिका दिसली तर सोडू नका. ती हवी असणारा माणूस एकच असतो, आणि तो येईपर्यंत थांबावे लागते.

नाही म्हणण्याच्या तीन जागा आपण पहिल्या दिवसापासून पक्क्या करा. पहिली म्हणजे चोरून छापलेली पुस्तके. खपाऊ पुस्तकांच्या अशा प्रती गठ्ठ्याने आणि फार स्वस्त मिळतात. कागद पातळ, छपाई पुसट, मुखपृष्ठावरचे चित्र कडेला किंचित कापलेले, पाठीवरचे नाव मध्यभागी नाही, अशा खुणांनी त्या ओळखता येतात. जुनी अस्सल प्रत पुन्हा विकायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही. चोरून छापलेली प्रत विकणे हा मात्र गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्यांच्या लिहिण्यावर आपले दुकान चालते त्यांच्याच ताटातले ते काढून घेणे आहे. दुसरी जागा म्हणजे वाचनालयाचे शिक्के. सार्वजनिक ग्रंथालये जीर्ण पुस्तके रीतसर निर्लेखित करतात, म्हणजे नोंदीतून कमी करतात, आणि दाखल क्रमांकावर तशी खूण करतात. ती खूण नसेल, तर मी त्या ग्रंथालयाला फोन करते. शिक्का केवळ पहिल्या पानावर नसतो, ग्रंथालये आत एखाद्या ठरावीक पानावरही तो मारतात, त्यामुळे पहिले पान फाडलेले पुस्तक आले की आतली पाने पाहावीत. तिसरी जागा हस्तलिखितांची. पंच्याहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि त्याच्या व्यापाराला परवाना लागतो. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, किंवा हाताने लिहिलेल्या पोथ्या घेऊन कोणी आले, की मी त्यांना भांडारकर संस्थेचा किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाचा पत्ता देते आणि शक्य असेल तेव्हा सोबत जाते.

दुकान उघडल्यानंतरचा दिवस गिऱ्हाइकांचा. सकाळी कोरड्या कपड्याने फळ्या पुसणे, आदल्या दिवशी विस्कटलेली पुस्तके जागेवर लावणे, नव्यांवर आतल्या पानावर शिसपेन्सिलीने किंमत लिहिणे, यात अकरा वाजतात. दुपारी अभ्यासिकेतली मुले येतात, संध्याकाळी नोकरदार, रविवारी कुटुंबे आणि डिसेंबरात परदेशातून सुटीवर आलेली माणसे. घासाघीस होते आणि ती मनाला लावून घेऊ नये. उभ्याने वाचणाऱ्याला उठवू नये. माझ्याकडे एक मुलगा वर्षभर शनिवारी येऊन उभ्याने वाचत असे. आज तो शिक्षक आहे आणि शाळेच्या वाचनालयाची खरेदी माझ्याकडून करतो. पण त्याने काहीच घेतले नसते, तरी मी त्याला स्टूल दिलेच असते.

दुकानातील सर्वांत मोलाची वस्तू माझी मागणीवही आहे. लांबट, हिशोबाची असते तशी वही. डावीकडे पुस्तकाचे नाव, मध्ये मागणाऱ्याचे नाव आणि फोन, उजवीकडे तारीख. पुस्तक मिळाले की फोन करायचा आणि ओळ खोडायची. रद्दीच्या दुकानात कडा पाहताना ही वही डोक्यात चालू असते, म्हणून ती रोज सकाळी एकदा वाचायची. एका आजींनी लहानपणच्या एका कवितासंग्रहाची नोंद केली होती. तो सहा वर्षांनी सापडला तेव्हा फोन त्यांच्या सुनेने उचलला, आणि आजी स्वतः रिक्षाने येऊन पुस्तक घेऊन गेल्या. मी उशीर केला म्हणून त्या रागावल्याही. संगणकात याद्या करता येतात आणि कराव्यातही, पण जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन क्रमांक नसतो, त्यामुळे क्रमांक टाकून माहिती भरून घेण्याची सोय इथे चालत नाही. प्रत्येक नोंद हाताने करावी लागते. शीर्षक, लेखक, प्रकाशक, साल, आवृत्ती, दोष, असे सहा रकाने पुरतात.

बाहेरगावच्या विक्रीला मोबाइलवरचे फोटो आणि टपाल पुरते. फोटोत दोष आधी दाखवावा. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे दर तेव्हा ठरले. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असावे लागते आणि नियतकालिके त्यात चालत नाहीत, त्यामुळे जुने अंक वेगळ्या मार्गाने पाठवावे लागतात. पावसाळ्यात आधी प्लास्टिक, मग पुठ्ठा आणि कोपऱ्यांना दुहेरी पुठ्ठा. कोपरा दबला की पुस्तक परत येते.

घर चालते का, याचे उत्तर असे की चालते, पण साहित्यावर चालत नाही. माझ्या वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतून आणि वर्षभर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून येतो, आणि कथा-कविता-चरित्रे त्याच्या आधाराने फळीवर राहतात. जोखीमही परीक्षेच्या पुस्तकांतच आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार हे २०२२ मध्ये जाहीर झाले, आणि माझ्याकडे साठवलेले वस्तुनिष्ठ प्रश्नसंच रद्दीच्या भावाने गेले. त्यामुळे अभ्यासक्रमाच्या बातम्या बारकाईने वाचाव्यात आणि असा माल एका मोसमापुरताच घ्यावा. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, ही सोय आहे. पहिली दोन वर्षे नोकरी सोडू नका. शनिवार-रविवार घरे पाहा, रद्दीवाल्यांशी ओळख करा, हजार-दीड हजार पुस्तके जमवा, आणि त्यांतली किती सहा महिन्यांत घरूनच विकली जातात ते लिहून ठेवा. दिवसभर वाचायला मिळते का, असे आपण विचारले आहे. प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि समासातल्या नोंदी भरपूर वाचून होतात. सलग वाचन मात्र दुकान बंद झाल्यावर.

सांगलीत माल मिळेल याविषयी मला शंका नाही. १९१९ पासूनचे विलिंग्डन महाविद्यालय, विष्णुदास भाव्यांपासूनची नाटकाची परंपरा आणि शिक्षक-वकिलांची जुनी घरे, यांमुळे घरोघरी चांगले संग्रह असणार, आणि जुन्या नाटकांच्या प्रती तर पुण्यापेक्षा तिथे मिळण्याची शक्यता अधिक. माझी काळजी जागेची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे, आणि हरभट रोड, मारुती चौक ही सगळी बाजारपेठ पाण्यात होती. कपडा वाळतो, भांडे धुता येते, पण चार दिवस पाण्यात राहिलेले पुस्तक फुगून फळीतच अडकते आणि ओढले की हातात लगदा येतो. म्हणून बाजारात गाळा पाहायला जाल तेव्हा भाडे विचारण्याआधी शेजारच्या दुकानदाराला विचारा की त्या वर्षी पाणी कुठवर आले होते, आणि तो हात करून दाखवेल तिथे भिंतीवर खडूने रेघ मारा. रेघ कमरेच्या वर असेल, तर तो गाळा सोडा आणि माडीवरची जागा पाहा, मग गिऱ्हाईक थोडे कमी आले तरी चालेल. रेघ खाली असेल, तर सर्वांत खालची फळी तिच्या वर एक फूट बसवा, फळ्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा म्हणजे मागून वारा फिरेल, आणि करार करण्यापूर्वी आषाढात एकदा पुन्हा जाऊन त्या भिंतीला तळहात लावून पाहा.